रब्बी नसलेल्या समाजाचा गुरू : हाईम सॅम्युएल किहीमकर

वाचकहो, बाजाराचा दिवस आहे, गिऱ्हाईक भांडे घेऊन दारात उभे आहे, घरात गरज आहे, आणि तरीही तेली घाण्याला बैल जुंपायला तयार नाही, असे दृश्य आपण कधी पाहिले आहे काय? आपल्या वऱ्हाडात तीळ, जवस आणि भुईमुगाचे घाणे चालत असत. त्या घाण्यांवर वाढलेली वडीलधारी माणसे अजून अकोल्या-अमरावतीच्या मोहल्ल्यांत भेटतात. त्यांना विचारले तर ती सांगतील, की हातातोंडाशी गाठ असलेला माणूस धंद्याचा दिवस सहजासहजी फुकट घालवीत नाही.

परंतु अलिबागच्या आसपासच्या खेड्यांत असे काही तेली होते, की जे दर शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते मराठी बोलत, त्यांच्या स्त्रिया लुगडे नेसत, आणि आडनावे गावावरून पडलेली असत. झिराडचे ते झिराडकर, राजपुरीचे ते राजपूरकर, किहीमचे ते किहीमकर. ते मुलांची सुंता करीत, ईश्वर एकच आहे असे सांगणारी एक छोटीशी हिब्रू प्रार्थना म्हणत, खवले आणि पर असलेली मासळीच खात. हिब्रू भाषा ते विसरले होते, धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरला नव्हता, परंतु शनिवार मात्र त्यांनी सोडला नव्हता. हाच तो बेने इस्रायल समाज, म्हणजे कोकणातील यहुदी. हजरत इब्राहीम आणि हजरत मूसा यांना आपण मानतो, तेही मानतात. या समाजातील एका थोर पुरुषाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव हाईम सॅम्युएल किहीमकर.

आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल, की मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत यहुदी गृहस्थाचे चरित्र कशासाठी? प्रश्न रास्त आहे. यहुदी आणि मुसलमान यांच्यातील जे वितुष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते मुख्यतः विसाव्या शतकातील राजकारणाचे फळ आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र हे दोन समाज शतकानुशतके शेजारी राहिले, आणि त्या शेजाराच्या खुणा भाषेतही उतरल्या. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत. धर्मकृत्ये चालविणाऱ्यांना काजी म्हणत. नवस फेडताना ते मलिदा करतात आणि हजरत इलियास यांना ते एलियाहू हन्नाबी म्हणून आठवतात. पण या चरित्राचे खरे कारण वेगळे आहे. एक लहान, गरीब, विखुरलेला समाज स्वतःच्या बळावर शाळा कशी उभी करतो, याचा धडा या चरित्रात आहे. तो आपल्या घरचा प्रश्न आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. या समाजाची परंपरा अशी, की फार प्राचीन काळी चौलच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगाव येथे दफन केले. वाचलेल्यांनी गावोगाव पसरून तेल गाळण्याचा धंदा धरला. पुढे डेव्हिड राहबी नावाचा एक परदेशी यहुदी आला. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्याने यांची मासळी निवडण्याची रीत आणि शनिवार पाळण्याची रीत पाहिली आणि हे आपलेच हरवलेले भाऊबंद आहेत असे ओळखले. त्याने यांना धर्माचे शिक्षण दिले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांकडे काजीचे काम सोपविले, असे परंपरा सांगते.

अठराव्या शतकात या लोकांपैकी बरेचजण मुंबईस गेले आणि कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई, हवालदार, सुभेदार झाले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी, यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या हाती कैद झाले. चौकशीत त्यांनी आपण बेने इस्रायल आहोत असे सांगितले. तेव्हा सुलतानाच्या मातोश्रींनी, ज्यांचे नाव पवित्र कुरआनात आले आहे त्या लोकांपैकी हा आहे, त्याला मारू नये, अशी रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. सुटकेच्या कृतज्ञतेने त्यांनी हे मंदिर बांधले असे सांगतात. मुंबईतील मशीद बंदर स्टेशनचे नाव याच मशिदीवरून पडले, असेही पुष्कळजण मानतात.

मंदिर झाले, पण एक उणीव राहिलीच. या समाजात रब्बी नव्हता. रब्बी या शब्दाचा अर्थ गुरू, शिकविणारा. युरोपातील किंवा अरब देशांतील यहुदी समाजात रब्बी हा धर्मशास्त्र जाणणारा, तंट्यांत निवाडा देणारा, ग्रंथ लिहिणारा आणि मुलांना घडविणारा पुरुष असे. आपल्याकडील आलिम आणि उस्ताद यांचे काम एकाच माणसाकडे असावे, तसे ते पद होते. बेने इस्रायलांमध्ये असा गुरू निपजण्यास ग्रंथ हवेत, ग्रंथ वाचण्यास भाषा हवी, आणि भाषा शिकण्यास शाळा हवी. यांपैकी त्यांच्यापाशी काहीच नव्हते.

शाळा होत्या त्या मिशनऱ्यांच्या. अमेरिकन मिशनने आणि पुढे स्कॉटलंडहून १८२९ साली आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत शाळा काढल्या, आणि त्यांत बेने इस्रायलांची मुले पुष्कळ जाऊ लागली. डॉ. विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. येथे न्यायाने बोलले पाहिजे. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, परंतु या समाजाला आपला जुना धर्मग्रंथ मराठीत प्रथम वाचावयास मिळाला तो त्यांच्यामुळेच. मुले शिकली, ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली. तरीही आईबापांच्या मनात धाकधूक राही. मुलाला शाळेत घालावे तर धर्म जाण्याची भीती, न घालावे तर तो जन्मभर अडाणी राहण्याची खात्री. पालक बंधू-भगिनींनो, ही कोंडी आपल्याला अपरिचित आहे काय? आपल्या आजोबा-पणजोबांनी हीच कोंडी अनुभवली आहे.

अशा काळात, १८३० साली, हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा जन्म झाला. अलिबागजवळच्या किहीम गावावरून त्यांच्या घराण्याचे आडनाव पडले. ते रब्बी नव्हते, आणि कोणत्याही धर्मपीठाने त्यांना अधिकार दिला नव्हता. तरीही रब्बीने जी कामे करावयाची, म्हणजे समाजाला एकत्र आणणे, लिहिणे आणि शिकविण्याची सोय करणे, ती सर्व त्यांनी आयुष्यभर केली.

१८५३ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक हितकारक मंडळी स्थापन केली. समाजाची स्वतःची शाळा उघडली ती मात्र १८७५ साली. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. मध्ये बावीस वर्षे गेली. जो तरुण मंडळी काढताना तेविशीचा होता तो शाळेचे दार उघडताना पंचेचाळिशीचा झाला. आपण एखादी संस्था काढतो, दोन वर्षांत इमारत झाली नाही की सभासद गळू लागतात, आणि चौथ्या वर्षी पावतीपुस्तक कोणाच्या घरी पडले आहे हेही आठवत नाही. म्हणून या बावीस वर्षांकडे मी आपले लक्ष वेधतो.

आणखी एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था १८७४ साली स्थापन झाली, आणि सर सय्यद अहमदखान यांची अलीगढची शाळा, जिचे पुढे कॉलेज आणि विद्यापीठ झाले, ती नेमकी १८७५ सालीच सुरू झाली. एकाच वेळी निरनिराळ्या समाजांतील विचारी माणसांना एकच गोष्ट उमगली होती. नव्या विद्येला पाठ दाखवून धर्म वाचत नाही, आणि धर्माला पाठ दाखवून मिळविलेल्या विद्येने समाज टिकत नाही.

किहीमकरांची शाळा इस्रायली शाळा म्हणून ओळखली जाई. तेथे हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकविल्या जात. या तिन्ही भाषांचा विचार केला पाहिजे. हिब्रू ही धर्माची भाषा, ती नसेल तर प्रार्थना नुसती पाठांतर होऊन बसते. इंग्रजी ही नोकरीची आणि नव्या ज्ञानाची भाषा. आणि मराठी ही घरची, शेजाऱ्याची, बाजाराची भाषा. किहीमकरांनी यांपैकी एकीसाठी दुसरीचा बळी दिला नाही. आपल्याकडे मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, यावर घराघरांत वाद होतात. वाद अवश्य व्हावेत. पण ज्या मुलाला जिल्हा कचेरीतील अर्ज वाचता येत नाही त्याचे नुकसान होते, आणि ज्याला आपल्या आजीचे पत्र वाचता येत नाही त्याचेही नुकसान होते, एवढे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे.

शाळा काढणे कठीण, पण ती चालविणे त्याहून कठीण. समाज गरीब होता. शिपाईगडी, कारकून, सुतार, गवंडी यांच्या वर्गणीवर किती चालणार? मुंबईत त्या वेळी यहुदी धनिक नव्हते असे नाही. बगदादहून १८३२ साली आलेल्या डेव्हिड ससून यांचे घराणे सर्वत्र प्रसिद्ध होते. परंतु बगदादी यहुदी आणि कोकणी यहुदी यांच्यात अंतर होते. बगदादी मंडळींपैकी काहींनी तर १८३६ साली सरकारकडे अर्ज करून कबरस्तानात दोघांच्या मध्ये भिंत घालण्याची मागणी केली होती. धर्म एक, प्रार्थना एक, आणि तरीही मेल्यावर मध्ये भिंत! अशा स्थितीत किहीमकरांनी लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनशी संबंध जोडून शाळेसाठी मदत मिळविली. १८९२ साली त्यांनी आपल्या समाजाच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्याच्या शिक्षणासाठी आवाहन, असे एक छोटे पुस्तक इंग्रजीत छापले. मदत मागतानाही त्यांनी आधी आपण कोण आहोत हे सांगितले आणि मग हात पुढे केला. याचक म्हणून उभे राहणे आणि स्वाभिमानाने साह्य मागणे यांतील फरक या पुस्तकाच्या नावातच दिसतो.

या कार्यात ते एकटे नव्हते. त्यांचेच समकालीन जोसेफ इझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रूतील वीसहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पासओव्हरच्या सणाला वाचावयाची हग्गादा तर १८४६ सालीच मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली होती. ज्या समाजाच्या सणांची नावेच नव्याचा सण, खिरीचा सण अशी होती, त्याला आपल्या प्रार्थनेचा अर्थ आता आपल्याच बोलीत समजू लागला. असे काम करणारी बहुतेक माणसे शिक्षक होती. विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकाचा धंदा गरिबीचा आहे असे तुम्ही ऐकले असेल, आणि ते खोटेही नाही. पण एका समाजाला त्याचे पुस्तक परत मिळवून दिले ते या गरीब धंद्यानेच.

किहीमकरांचे सर्वांत मोठे लेखन म्हणजे बेने इस्रायलांचा सविस्तर इतिहास. वृद्धांच्या तोंडच्या आठवणी, सणवार, लग्नाच्या रीती, आडनावे, पलटणीत मोठ्या हुद्द्यांवर चढलेल्या माणसांची माहिती, असे सारे त्यांनी गोळा केले. १८९७ साली हा ग्रंथ लिहून पुरा झाला. पण तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ते निवर्तले, आणि हस्तलिखित तसेच राहिले. शेवटी १९३७ साली, डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या प्रयत्नाने, ते तेल अवीव येथे छापले गेले. लिहून झाल्यावर चाळीस वर्षांनी! शाळेसाठी बावीस वर्षे आणि पुस्तकासाठी चाळीस, असा या माणसाच्या धीराचा हिशेब आहे, आणि दुसरा हिशेब तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नाही.

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला बरी वाटत नाही. किहीमकरांनी आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास आले असे मानले. आजचे अभ्यासक हा काळ सिद्ध झाला असे मानीत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बेने इस्रायलांमध्येही गोरे आणि काळे असा भेद होता. गोरे स्वतःस शुद्ध समजत आणि काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार करीत नसत. या भेदाची नोंद किहीमकरांच्या इतिहासात आहे, परंतु तो मोडून काढण्याचा ध्यास त्यात नाही. बगदादी यहुद्यांनी आपल्याला कमी लेखले याचे ज्यांना दुःख झाले, त्यांच्याच अंगणात तशीच एक भिंत उभी होती. हा दोष एकट्या त्यांचा नव्हता, त्या काळाचा होता. पण आपण तरी बोट दाखविताना जपावे. आपल्या मोहल्ल्यात बिरादरी पाहूनच मुलीचा रिश्ता ठरविणारी घरे किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

किहीमकर गेले, पण शाळा राहिली. ती वाढून हायस्कूल झाली. पुढे बगदादी घराण्यातील सर एली कदूरी यांच्या देणगीने तिला मोठा आधार मिळाला आणि माझगाव येथील ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जे घर एकेकाळी कबरस्तानात भिंत मागणाऱ्यांच्या गोतातले, त्याच गोतातल्या पैशाने शाळेची भिंत उभी राहिली! १९२२ पासून दीर्घकाळ या शाळेची धुरा रिबेका रूबेन या बाईंनी वाहिली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेलघाण्यावरच्या घरांतून दोन-तीन पिढ्यांत अशा मुली निघाल्या त्या आकाशातून पडल्या नाहीत. कोणीतरी आधी त्यांना शाळेत पाठविले होते.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील हातगाडीवर फळे विकत. मुलगी आठवीत पहिली आली आणि नववीला आलीच नाही. तिच्या घरी जाऊन यावे असे मी जूनमध्ये ठरविले. जुलैत पाऊस होता, ऑगस्टमध्ये परीक्षा होत्या, नंतर जनगणनेचे की निवडणुकीचे काहीतरी काम होते. दिवाळीच्या सुटीनंतर गेलो तेव्हा तिचा साखरपुडा होऊन गेला होता. वडील भले गृहस्थ होते. ते म्हणाले, की नववीची शाळा लांब आहे, रिकाम्या रस्त्याने मुलगी एकटी कशी जाणार, आणि तुम्ही आधी आला असता तर काही मार्ग निघाला असता. त्यांनी मला चहा दिला. तो चहा मला कडू लागला. मुलीने दाराआडून सलाम केला, आणि तिचे आठवीचे गुणपत्रक भिंतीवर चौकटीत लावलेले होते. किहीमकर बावीस वर्षे एका कामाच्या मागे लागले, आणि मला दोन मोहल्ले ओलांडण्यास पाच महिने लागले. त्यांच्याविषयी वाचले तेव्हापासून मी आणि माझे दोन सहकारी जूनच्या पहिल्या आठवड्यातच न आलेल्या मुलांची यादी घेऊन घरोघरी जातो. सगळी परत येतात असे नाही. काही येतात.

आपल्याच अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून शेतकऱ्यांच्या मुलांना कॉलेजची वाट दाखविली. म्हणजे अशी उदाहरणे शोधण्यास आपल्याला कोकणात जावेच लागते असे नाही. परंतु संख्येने मूठभर असलेल्या समाजाचे उदाहरण आपला एक बहाणा हिरावून घेते. आम्ही थोडे आहोत, आम्ही गरीब आहोत, आमचे कोणी ऐकत नाही, हे तिन्ही त्यांच्या बाबतीत आपल्याहून अधिक खरे होते.

शेवटची गोष्ट सांगून रजा घेतो. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढण्यात आल्या, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर त्यांना दिलासा मिळाला. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर येथे थोडीच घरे उरली होती. मग किहीमकरांच्या शाळेचे काय झाले? ती बंद पडली नाही. माझगावच्या त्या शाळेत यहुदी मुले आता जवळजवळ नाहीत, पण वर्ग भरलेले असतात. त्यांत मोठी संख्या आहे ती मुस्लिम मुलामुलींची.

वाचकहो, ज्याने हिब्रू वाचता यावी म्हणून शाळा काढली, त्याच्या शाळेत आज फातिमा आणि इम्रान गणित शिकत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना किहीमकरांचे नाव ठाऊक असेल? विहीर खणणाऱ्याला पुढे कोण पाणी भरील हे माहीत नसते. आपल्या संस्थेच्या वर्गणीचे पावतीपुस्तक जेव्हा आपल्या दारी येईल, किंवा नववीत जाणाऱ्या मुलीचा प्रश्न घरात निघेल, तेव्हा घाणा बंद ठेवणाऱ्या त्या तेल्यांची आणि त्यांच्या या नातवाची आठवण ठेवा.